वेई आजोबांची काकडी

लीना कुंभोजकर मेलबर्नला आली ती स्वयंपाकी व्हायला. निदान कागदोपत्री तरी. २००८ साली मिरजेहून निघताना तिने कुकरीच्या डिप्लोम्याला प्रवेश घेतला होता, कारण त्या वर्षांत त्या कोर्सवर पीआर, म्हणजे तिकडे कायमचं राहण्याची परवानगी, मिळते असं एजंटाने सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. दोन वर्षं ती सॉस ढवळायला, मासे साफ करायला, कांदा एकसारखा चिरायला शिकली. पीआर मिळाली, गणेशशी लग्न झालं, क्रेगीबर्नला घर झालं, अनन्या झाली. हॉटेलच्या किचनमध्ये मात्र तिने एक दिवसही नोकरी केली नाही. तिथल्या शिफ्टा संध्याकाळच्या, आणि पदरात तान्हं मूल. शेवटी सहा महिन्यांचा कोर्स करून ती एज्ड केअरमध्ये, म्हाताऱ्या माणसांच्या एका होममध्ये, लागली. म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायची, भरवायचं, त्यांचं ओलं-कोरडं बघायचं. मिरजेला आईला तिने ‘हॉस्पिटलमध्ये आहे’ एवढंच सांगितलं होतं, आणि आईनेही कधी खोदून विचारलं नव्हतं.

काम तिला आवडायचं. हे ती कोणाला पटवून देऊ शकली नसती, म्हणून तिने कधी प्रयत्नही केला नाही.

तिच्या विंगमध्ये अकरा जण होते. त्यांतले एक वेई आजोबा. होममध्ये सगळे त्यांना मिस्टर वेई म्हणत, पण लीना मनातल्या मनात आजोबाच म्हणायची. वय ब्याऐंशी. गाव चीनच्या उत्तरेकडचं कुठलंसं. इथल्याच एका सबर्बमध्ये त्यांनी तीस वर्षं टेकअवेचं दुकान चालवलं होतं. लेमन चिकन, फ्राइड राइस, गोरे लोक शुक्रवारी संध्याकाळी न्यायचे तसलं सगळं. बायको गेली, मग स्ट्रोक आला, आणि पाठोपाठ विसरभोळेपणा. तीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोललेलं इंग्रजी आधी गेलं. उरली ती लहानपणची भाषा, आणि ती होममध्ये कोणालाच येत नव्हती.

त्यांची एकुलती एक मुलगी हुईलिंग ग्लेन वेव्हर्लीला राहायची. दर रविवारी तासभर गाडी चालवून ती यायची. येताना तिकडच्या दुकानातून डम्पलिंग्ज आणायची, आणि बापलेक खिडकीपाशी बसून खायचे. २०२०च्या जुलैमध्ये कोविडमुळे भेटी बंद झाल्या. आजोबांना ते कळण्यासारखं नव्हतं. दोन रविवार ते खिडकीपाशी बसले. तिसऱ्या रविवारी बसले नाहीत, आणि त्याच सुमारास त्यांनी जेवण सोडलं.

तब्येतीचं काही कारण सापडेना. दात होते, गिळायला त्रास नव्हता. कुस्करलेला बटाटा आणि उकडलेलं गाजर समोर आलं की ते मान फिरवायचे. तीन आठवड्यांत पाच किलो वजन उतरलं. नर्स जोआनने गोड पेयाच्या बाटल्या सुरू केल्या. त्याही तशाच परत जायच्या.

एका दुपारी होमच्या टॅबलेटवर लीनाने हुईलिंगला व्हिडिओ कॉल लावून दिला. आजोबा पडद्याकडे बघत एकच शब्द दोन-तीनदा बोलले.

“काय म्हणतायत?” लीनाने विचारलं.

“हुआंगग्वा,” हुईलिंग म्हणाली. “काकडी. आमच्याकडे उन्हाळ्यात करतात. ठेचलेली काकडी, लसूण, व्हिनेगर. तब्येत बरी होती तोवर तो स्वतःच करायचा. दुकानात कधी ठेवली नाही, घेणार कोण? घरच्यापुरतीच.” मग तिने विचारलं, “मी पाठवली तर आत घेतील?”

घेणार नव्हते. बाहेरून खायचं काही आत आणायचं नाही, अशी दारावर मोठी पाटीच लागली होती.

“मी करून बघते,” लीना म्हणाली. “माझ्या स्वतःच्या डब्यातून आणते. तू मला सांग कशी करायची.”

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. घरातून एकानेच बाजारात जायचं असा नियम, तेव्हा गणेशला घरी ठेवून तीच गेली. काकडी मिळाली, सोया सॉस मिळाला. काळं व्हिनेगर तीन दुकानं पालथी घातल्यावर मिळालं. तिळाचं तेल घरात होतं, पण हुईलिंगने फोटो बघून नको म्हणून सांगितलं. ते कच्च्या तिळाचं. यांना लागतं ते भाजलेल्या तिळाचं, काळपट, बाटली उघडताच घरभर वास सुटेल असं.

पहिल्या खेपेला लीनाने हाताला जी सवय होती तेच केलं. काकडीचं टोक कापून कापावर घासलं, कडू फेस काढून टाकला, आणि काकडी तळहातावर धरून सुरीने चोचवली, आई खमंग काकडीला चोचवायची तशी. वाडगं फोनसमोर धरलं तेव्हा हुईलिंग बऱ्याच दिवसांनी हसली असावी.

“हा तर चुरा झाला. चिरायची नाही, मारायची. सुरीचं पातं आडवं धरून एकच फटका. ती आपली आपण फुटली पाहिजे. त्या भेगांमध्ये व्हिनेगर शिरतं.”

तेवढ्या रुंद पात्याची सुरी लीनाकडे नव्हती. तिने लाटणं घेतलं. पहिल्या फटक्याला काकडी ओट्यावरून उडून खाली पडली. दुसरी फुटली. शेजारच्या खोलीत मीटिंगमध्ये असलेला गणेश हेडफोन काढून दाराशी आला. डायनिंग टेबलवर अनन्याची ऑनलाइन शाळा चालू होती. ती म्यूट करून म्हणाली, “मम, व्हॉट डिड द क्युकंबर डू टू यू?”

लीनाने तुकडे मीठ लावून चाळणीत ठेवले, पाणी सुटू दिलं. मग लसणाचे काप, सोया सॉस, व्हिनेगर, चमचाभर साखर, वरून ते काळपट तेल. चव बघितली. तिला ती विचित्र वाटली, पण वाईट नाही.

दुसऱ्या दिवशी तिने आणखी बारीक केलेले तुकडे डब्यात भरून नेले. मास्क, त्यावर शील्ड, अंगात प्लॅस्टिकचा गाऊन. एवढ्या सगळ्यातून तिचे फक्त डोळे दिसत होते. टॅबलेटवर हुईलिंग होती. आजोबांनी डब्यात वाकून वास घेतला. एक तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि रागावून काहीतरी बोलले.

“काय झालं?” लीना घाबरली.

हुईलिंगचे डोळे भरले होते. “म्हणतोय, साखर कोणी घालायला सांगितली? आणि लसूण कापलास का, ठेचायला हात मोडले होते का? तू त्याच्या दुकानातली नवी पोरगी आहेस असं त्याला वाटतंय.”

बोलता बोलता त्यांनी सात तुकडे खाल्ले. लीना एकेक मोजत होती. जोआनने दारातून पाहिलं आणि औषधांची ट्रॉली पुढे ढकलली.

त्यानंतर लीना रोज पहाटे उठून काकडी ठेचू लागली. साखर काढली. लसूण बत्त्याने ठेचला. एक दिवस त्यांनी सोया सॉसच्या रंगाकडे बोट दाखवून तोंड वाकडं केलं. तिने तो निम्म्यावर आणला. एकदा चव घेऊन त्यांनी वाडगं तिच्याकडे ढकललं आणि दोन बोटं चिमटीसारखी हलवली. ती समजली, तिने मीठ आणलं. टॅबलेट रोज मिळायचा नाही. अकरा जणांत तो एकच होता, आणि प्रत्येकाची कोणी ना कोणी वाट बघत होतं. हुईलिंग नसली की आजोबा आपले बोलत राहायचे, लीना मान डोलवायची. काकडीच्या निमित्ताने ते भातही घेऊ लागले. आठ दिवसांत वजनाचा काटा किंचित वर सरकला. जोआनने तो आकडा लीनाला मुद्दाम बोलावून दाखवला.

अकरा दिवस हे चाललं. बाराव्या दिवशी, मंगळवारी, सकाळी पावणेदहाला मॅनेजर हातात यादी घेऊन कॉरिडॉरमध्ये आली. शनिवारी एजन्सीकडून आलेल्या केअररची टेस्ट पॉझिटिव्ह आली होती. तिच्याबरोबर काम केलेल्या सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता घरी जायचं, चौदा दिवस कोणाला भेटायचं नाही. लीनाचं नाव यादीत तिसरं होतं.

डबा स्टाफच्या फ्रिजमध्ये होता. तिने घाईघाईने त्यावर चिकटपट्टी लावून ‘मिस्टर वेई, लंच’ असं लिहिलं आणि जोआनला सांगितलं. जोआन म्हणाली, “नो वरीज, मी देते.” अकरा वाजता जोआनलाही घरी पाठवलं.

मागच्या बेडरूममध्ये लीना चौदा दिवस राहिली. गणेश ताट दाराबाहेर ठेवायचा, अनन्या दारापलीकडून शाळेत काय झालं ते सांगायची. लीनाच्या दोन्ही टेस्ट निगेटिव्ह आल्या. होमचा फोन नुसता वाजत राहायचा. आतली ओळखीची सगळी माणसं घरी बसली होती आणि त्यांच्या जागी कुठून कुठून आलेली परकी माणसं काम करत होती, असं बातम्यांवरून कळत होतं. वेई आजोबांना त्या माणसांची भाषा येत नव्हती, आणि आता समोर ओळखीचे डोळेही नव्हते. हे मनात आलं की लीना पुन्हा होमचा नंबर लावायची.

सहाव्या दिवशी हुईलिंगचा मेसेज आला, बाबा पॉझिटिव्ह. आठव्या दिवशी त्यांना हॉस्पिटलमध्ये हलवलं. अकराव्या दिवशी सकाळी फोनच आला. लीनाला स्क्रीनवर नाव बघूनच कळलं.

“आज पहाटे,” हुईलिंग म्हणाली. “नर्सने दहा मिनिटं आयपॅड धरून ठेवला होता. मी बोलत होते. ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.”



“परवा हॉस्पिटलमधून फोन आला होता,” हुईलिंग पुढे म्हणाली. “एक नर्स होती, चांगली वाटली. म्हणाली, तुमचे वडील सारखी कोणाला तरी हाक मारतायत. ही हुआंगग्वा कोण? नातेवाईक असेल तर आपण तिच्याशी फोन जोडून देऊ.” मग म्हणाली, “मी तिला सांगितलं, ती कोणी नाही. ती काकडी आहे.”

मग हुईलिंगने विचारलं, “शेवटच्या दिवशी, तू घरी गेलीस त्या दिवशी, त्याने खाल्ली होती का?”

हो म्हणणं सोपं होतं. कोणाचं काही बिघडलं नसतं. लीनाने तोंड उघडलंही होतं.

“नाही,” ती म्हणाली. “मी जेवणाच्या आधीच निघाले. डबा फ्रिजमध्येच राहिला. मी त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलंसुद्धा नाही.”

“बरं,” हुईलिंग म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. लीनाने तो लॅपटॉपवर पाहिला. गणेश शेजारी येऊन बसला. पुढच्या आठवड्यात मॅनेजरने फोन केला. फ्रिज साफ करताना डबा सापडला होता, नाव घातलेला. लीनाने काही नाकारलं नाही. तिला कामावर यायचं नाही असं सांगण्यात आलं, मग चौकशी झाली, मग ताकीद देऊन परत बोलावलं. आजार डब्यातून आला नाही हे त्या पत्रातही लिहिलं होतं. ते पत्र तिने चार-पाच वेळा वाचलं, तरी मन मानेना. गणेश एकदा म्हणाला, “अगं, तुझी टेस्ट निगेटिव्ह होती.” ती म्हणाली, “माहितीये रे.” तिने राजीनामा दिला. घरात काकडी आणणंही बंद झालं. अनन्याच्या ते लक्षात आलं होतं.

नोव्हेंबरमध्ये शहर उघडलं. एके दिवशी हुईलिंगचा मेसेज आला, ‘शनिवारी येशील का? काही आणू नकोस.’ त्या फोननंतर दोघी बोलल्या नव्हत्या. लीनाला वाटलं, बोलवतेय म्हणजे तोंडावर जे बोलायचं ते बोलणार. तरी ती गेली.

ग्लेन वेव्हर्लीच्या त्या घरात किचनच्या ओट्यावर चार काकड्या, लसूण आणि बाटल्या मांडून ठेवल्या होत्या. हुईलिंगने रुंद पात्याची जड सुरी लीनासमोर ठेवली. “त्याची आहे, दुकानातली. मला शिकव.”

“मी?” लीना म्हणाली. “तूच तर मला सांगितलीस.”

“मी तुला नेटवर बघून सांगितली. मला कधीच येत नव्हती. लहानपणी मला लाज वाटायची, घराला लसणाचा वास येतो म्हणून. त्याने करायची आणि मी नाक मुरडायचं.” ती काकडी धूत होती. “त्याने तुझ्याकडून अकरा दिवस दुरुस्त करून घेतली. आता त्याची काकडी तुलाच येते.”

लीनाने बाह्या सरसावल्या. टोकं कापली. सुरी आडवी कशी धरायची ते दाखवलं, आणि हुईलिंगने भीत भीत फटका मारला तेव्हा म्हणाली, “जोरात.” मीठ, मग थांबायचं. लसूण ठेचलेला. साखर नाही. सोया सॉस निम्मा. दोघी शिकवण्या-शिकण्याइतकंच बोलत होत्या. आजोबांचा फोटो कपाटावर होता, समोर दोन संत्री. हुईलिंगने पहिली वाटी तिथे ठेवली, मग स्वतः एक तुकडा खाल्ला. खूप वेळ चावत राहिली. “हीच,” ती म्हणाली आणि ओट्याला टेकून रडली. लीनाने तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या मंगळवारी होममधून निघाल्यापासून घराबाहेरच्या कोणा माणसाला तिने केलेला तो पहिला स्पर्श होता.

नंतर चहा घेताना हुईलिंगने विचारलं, “मी कॉलवर नसायचे तेव्हा तो काय बोलायचा?”

“मला कळायचं नाही,” लीना म्हणाली. “पण रोज डबा संपला की एक काहीतरी म्हणायचे. मानझो. असंच काहीसं.”

“पुन्हा म्हण.”

लीनाने दोन-तीन प्रकारे म्हणून पाहिलं.

“मान झौ असेल,” हुईलिंग हळूच म्हणाली. “सावकाश जा. दुकानातून कोणी निघालं की म्हणतात.” मग तिने मान हलवली. “किंवा दुसरंच काही असेल. तुझा उच्चार अगदीच वेगळा आहे.”

लीनाला आणखी दोन आवाज आठवत होते, तेही तिने म्हणून दाखवले. हुईलिंगने डोळे मिटून ऐकले. त्यांचा अर्थ तिला लागला नाही.

फेब्रुवारीत लीना दुसऱ्या एका होममध्ये कामाला लागली.