अहो-जाहोची पोर्तुगीज

'हाय', 'उप्स', 'कूल' असल्या चिमूटभर इंग्रजी शब्दांना पोर्तुगीजमध्ये नेऊन बसवणं हा माझा धंदा आहे. पुनावळ्यात, माझ्या सासरच्या गावात, हे कुणाला सांगितलं की माणूस काळजीनं विचारतो, "ते ठीक आहे, पण तुम्ही करता काय?"

पोर्तुगीज शिकण्यामागे कसलीही थोर प्रेरणा नव्हती. चाकणच्या एका कंपनीत ब्राझीलहून माणसं यायची होती, त्यांना दुभाषा हवा होता. जर्मनच्या क्लासला मरणाची गर्दी. पिंपरीत मूळच्या गोव्याच्या एक वयस्कर बाई घरी पोर्तुगीज शिकवायच्या, त्यांच्याकडे मात्र कुत्रं फिरकत नव्हतं. मी गेले. ब्राझीलची माणसं काही आली नाहीत, भाषा तेवढी गळ्यात पडली. पुढे एका एजन्सीनं घरबसल्या काम दिलं. ब्राझीलमधली पोरंपोरी ज्या ॲपवर गप्पा हाणतात, त्यावरची बटणं आणि इवले इवले निरोप इंग्रजीतून पोर्तुगीजमध्ये आणायचे.

माझ्या पगाराची सासरी कुणालाच गरज नव्हती. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्यात, भाडी येतात. भाड्याचा कारभार बघायला धाकट्या दिरांचं ऑफिस आहे. सासूबाईंचं एकच पालुपद, "घरचं हापिस हाय, तितं बसावं. परक्याची चाकरी कशापायी?" तिथे बसले असते तर मी तिथेही सूनच राहिले असते, फक्त फिरत्या खुर्चीवर. दिवसातले हे चार-पाच तास तेवढे माझे होते, आणि ते मला कुणाला द्यायचे नव्हते.

अशात माझं काम तपासणाऱ्या ब्राझीलमधल्या मुलीचा शेरा येऊन थडकला. भाषा शुद्ध आहे, तिनं लिहिलं होतं, पण आमची पोरं कॉलेजात जाणारी आहेत; न्यायाधीशासमोर उभं राहावं तशा तुम्ही त्यांच्याशी का बोलता? पुढचा गठ्ठाही असाच आला तर काम बंद.

मी जुनं काम काढून वाचलं आणि कपाळावर हात मारला. मी 'उप्स'चं जे केलं होतं, ते मराठीत सांगायचं तर 'क्षमा असावी'. 'व्हॉट्स अप'चं 'आपली प्रकृती कशी आहे?' आणि 'माय बॅड'चं तर 'सदर चूक माझ्याकडून घडली आहे'. पिंपरीच्या बाईंची पोर्तुगीज त्यांच्या आजोबांच्या काळातली होती हे कबूल, पण सगळं खापर त्यांच्यावर फोडण्यात अर्थ नव्हता. मोकळेढाकळे शब्द मला येत होते. ब्राझीलच्या मालिका बघून मी ते ढीगभर गोळा केले होते. लिहायला बसले की मात्र हात आपोआप पदर सारखा करायचा.

नवा गठ्ठा उघडला. ठरवलं, ओळखीचं कुणीतरी समोर आहे असं धरायचं आणि त्याला खुशाल अरे-तुरे करायचं. घरातलं एकेक माणूस डोळ्यांसमोर आणलं. सासऱ्यांचा प्रश्नच नव्हता. सासूबाई म्हणजे अहो आई. दीर माझ्याहून लहान, पण 'भाऊजी, तुम्ही'. नवरा तर अहोच. लेकाला तू म्हणते, पण त्याच्याशी मी बोलते ते सगळे हुकूम असतात, गप्पा नसतात. एवढ्या मोठ्या घरात बरोबरीनं तू म्हणायला मला एक माणूस सापडेना. आमच्याकडे याला वळण म्हणतात, आणि माझ्या वळणाची सगळ्या भावकीत तारीफ आहे. त्या दुपारी मला रडूच फुटलं.

मग दापोडीला शाळेतल्या मैत्रिणीला फोन लावला. रेल्वेलगतच्या एकाच गल्लीत आम्ही वाढलो, ती अजून तिथेच राहून ब्लाउज शिवते.

"काय गं भवाने, जिवंत आहेस का गेलीस?" फोन उचलल्या उचलल्या ती म्हणाली.

"तुला पोचवल्याशिवाय कशी जाईन?"

मग आम्ही सुटलोच. मी फोन कानाशी धरून एका हातानं टाइप करत होते. 'शट अप', 'नो वे', 'कम ऑन', 'मिस यू'. आमचं बोलणं ज्या सुरात चाललं होतं, त्याच सुरात एकेक शब्द पोर्तुगीजमध्ये उतरत होता.

"टकटक कसली गं चाललीय?" तिनं विचारलं.

"तुझं बोलणं ब्राझीलला पाठवतेय."

"पाठव बाई. इथं कोण ऐकतंय माझं?"

गठ्ठा गेला आणि दोनच दिवसांत उत्तर आलं. आता मैत्रीण बोलतेय असं वाटतं, काम चालू ठेवा. मला इतका आनंद झाला की मी तशीच बाहेर धावले. हे टीव्हीसमोर सोफ्यावर पसरले होते. काम टिकलं म्हणून सांगितलं.

"अरे वा," हे म्हणाले, "अभिनंदन."

"थँक्यू रे! सरक ना जरा, बसू दे मला."

हे सरकले नाहीत. मी कुणाशी बोलतेय ते बघायला यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं.