चौथा हब

माझी शेवटची मोठी पोस्टिंग उत्तर सिक्कीममध्ये होती. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. युनिटकडे एक जुनी वन-टन होती, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हचा पेट्रोल पिकअप. तिचा ड्रायव्हर नाईक अशोक गायकवाड, पिंपरीच्या खराळवाडीचा. मी मोशीचा. परमुलखात एवढं नातं पुरतं.

फौजेत गाडी थांबली की हॉल्ट परेड करायची असते. ड्रायव्हरने उतरून चारही चाकांच्या हबवर, म्हणजे मधल्या तुंब्यावर, हात ठेवायचा. हात भाजला तर आत बेअरिंग किंवा ब्रेक बिघडलाय. बाकीचे ड्रायव्हर साहेब दिसले तरच उतरत. गायकवाड दर वेळी उतरायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "कोमट हाय. चालंल." सुट्टीत घरच्या स्कूटरच्या चाकांनाही हात लावायचा. त्याची बायको, आमच्या सुनीतावहिनी, त्यावरून त्याची थट्टा करायच्या.

त्या सकाळी वरच्या पोस्टवरून एक आजारी जवान खाली आणायचा होता. मागे स्ट्रेचर, शेजारी मी. पुढे गायकवाड आणि रेडिओ ऑपरेटर. मधल्या वळणावर दरड सुटली. गाडीची मागची चाकं कडेच्या चिखलात रुतली. ऑपरेटरने खालच्या कॅम्पला रेडिओ लावला.

"दरड आली. गाडी रुतली. ओव्हर."

"गाडी सोडा. पेशंट उचलून आणा. ओव्हर."

गायकवाडने वर बघितलं. दगड येतच होते.

"उचलून न्यायला टाइम न्हाई, उस्ताद," तो मला म्हणाला. त्याने पुढची चाकं जोडली, लो गिअर टाकला, गाडी चिखलातून ओढून काढली आणि खाली रुंद जागेवर आणली. तिथे उतरला.

"अरे, चल पुढे!" मी ओरडलो.

"ब्रेकचा वास येतोय. पुढं सगळा उतार हाय."

तीन हब झाले. चौथ्याकडे वळला आणि वरून एक दगड आला. एकच. पेशंट वाचला. आम्हीही वाचलो.

निवृत्तीनंतर मोशीत गॅरेज टाकलं. गेल्या वर्षी चाकणचे एक शेठ आले. कंपन्यांना पत्र्याचे पार्ट पुरवतात, आता रिसॉर्ट काढलंय. त्यांना गेटजवळ फौजेची जुनी गाडी हवी होती. तीच वन-टन. आमची नव्हे, पण त्याच जातीची. पार्ट जमवून उभी करून द्यायला मी हो म्हणालो.

गाडी कसली, चहूकडे विखुरलेलं भंगार होतं. चासी चाकणजवळ एका गोठ्यामागे बाभळीत पडली होती. इंजिन तळेगावकडे वीटभट्टीवर पाणी ओढत होतं. मागच्या फळीचं एका टपरीवाल्याने टेबल केलं होतं. पुढच्या चाकांना ताकद देणारा शाफ्ट काही मिळेना.

"फौजी, पुढचा शाफ्ट कशाला पाहिजे राव?" शेठ म्हणाले. "शोची गाडी. खाली वाकून कोण बघतंय?"

मला त्या माणसाची तिथेच किळस आली. शेवटी कुदळवाडीत एका वेल्डरच्या शेडला तो शाफ्ट खांब म्हणून लावलेला सापडला. दुसरा पाइप उभा करून दिला आणि तो सोडवून आणला. गाडी चारही चाकांवर चालायला लागली तेव्हा मी शेठना गायकवाडची हकिगत सांगितली. त्यांनी डोळे पुसले. म्हणाले, "वहिनींच्या हस्ते उद्घाटन करू." मलाही बरं वाटलं.

उद्घाटनाच्या सकाळी चाकणला पोचलो. माझ्या हाताने ठोकून सरळ केलेल्या दारावर ड्रिलने भोकं पाडली होती. भोकांच्या कडेला काळा रंग. ड्रायव्हरच्या सीटवर कपड्याच्या दुकानातला पुतळा, अंगात वर्दी, छातीवर लाल पेंट ओतलेला. बाजूला पाटी: शहीद अशोक गायकवाड यांनी याच गाडीत शत्रूच्या गोळ्या झेलल्या. खाली बाण, सेल्फी पॉइंट. मला ओकारी आली. अलंकारिक नव्हे, खरोखरची. भिंतीमागे जाऊन चूळ भरून आलो.

"त्याला दगड लागला होता. आणि तो या गाडीत नव्हता," मी म्हणालो.

"दगडाचा फोटो कोण काढणार, फौजी? पब्लिकला हेच लागतं."

मी बॉनेट उघडलं आणि रोटर काढून खिशात टाकला. अंगठ्याएवढा तुकडा असतो, पण त्याच्याशिवाय पेट्रोल गाडी चालू होत नाही. शेठना गाडी वाजतगाजत गेटमधून आत न्यायची होती. ढोलवाले उभे होते, पाहुणे आले होते.

"पाटी काढा, पुतळा उतरवा. मग रोटर देतो."

"माझी गाडी आहे ती!"

"गाडी तुमची. गायकवाड नाही."

एवढ्यात रिक्षातून वहिनी उतरल्या. पांढरं पातळ, हातात पिशवी. त्यांनी सावकाश पाटी वाचली, मग आत बघितलं.

"हे कोण?"

"आपले साहेबच, ताई," शेठ म्हणाले. "म्हणजे... प्रतीक म्हणून."

"ह्यांना गोळी नव्हती लागली. चाक बघताना दगड लागला. ते लिहायची लाज वाटली का तुम्हाला?"

ढोलवाल्यांनी आपणहून ढोल खाली ठेवले. त्यांच्यातल्याच दोघांनी पुतळा बाहेर ओढला आणि पाटी उपटली. शेठ शेवटपर्यंत एका शब्दानेही 'चुकलो' म्हणाले नाहीत. आजही त्यांचं नाव निघालं की माझ्या तोंडाला कडू येतं. भोकं मात्र लगेच बुजवता आली नाहीत. ती मी नंतर वेल्ड केली.

रोटर परत बसवला. वहिनी शेजारी बसल्या. पुढची चाकं जोडून मी गाडी गेटमधून आत घेतली आणि रिसॉर्टच्या चढावर नेऊन थांबवली.

मी उतरायच्या आत वहिनी उतरल्या. पुढच्या हबवर हात ठेवला. मग दुसऱ्या. मग मागच्या. फिरून माझ्या बाजूला आल्या आणि थांबल्या.

"भाऊजी, राहिला होता तो हाच ना?"

"हाच. मागचा उजवा."

त्या खाली बसल्या. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

"कोमट आहे," त्या म्हणाल्या. "चालेल."