फौजदारासमोरची मोकळी प्रार्थना

राहेलबाई माइककडे निघाल्या तेव्हा माझा हात आवाजाच्या बटणावर होता. मनात एकच धास्ती होती. ही बाई आज माझं नाव घेणार.

परळच्या मैदानात आमच्या मंडळीची उपासना चालू होती. शहरात जमावबंदी होती. आम्हाला परवानगी मिळाली होती ती फक्त प्रार्थनेपुरती. खात्री करायला एक फौजदार कर्ण्याखाली उभा होता. लाऊडस्पीकर माझा, माइक तेवढा उसना आणलेला. तो भाड्याने देण्याचा माझा धंदा होता आणि मशीन एकच होतं.

तीन दिवसांपूर्वी तेच मशीन मी लालबागला संयुक्त महाराष्ट्राच्या विनापरवाना सभेला लावलं होतं. वक्ते यायचे होते. मदतीला सामुएल होता, मिलमध्ये मागावर काम करणारा साचेवाला आणि आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवणारा. मी म्हटलं, "माइक तपासतोय, काहीतरी बोल." एक-दोन-तीन म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्याने "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" अशी आरोळी ठोकली. पोलीस धावले. मी अँप्लिफायर उचलून गल्लीत पळालो. माइक सामुएलच्या हातात राहिला, म्हणून मशीनही त्याचंच ठरलं आणि विनापरवाना लाऊडस्पीकर लावल्याबद्दल पोलिसांनी त्याला आत टाकलं. त्याने माझं नाव सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

राहेलबाई त्याची बायको. चौकीवर त्यांना तीन दिवस कोणी उभं केलं नव्हतं.

आमच्यात मोकळी प्रार्थना असते. पाळकांनी बोलावलं की मंडळीतलं कोणीही पुढे येऊन आपल्या शब्दांत मागणं मागतं. मध्ये अडवायचं नाही. शेवटचं आमेन होईपर्यंत सगळे डोळे मिटून उभे. फौजदारानेही टोपी काढली. डोळे फक्त आम्हा दोघांचे उघडे होते.

"हे प्रभू, राज्य करणाऱ्यांना सद्बुद्धी दे," राहेलबाईंनी सुरुवात केली. फौजदार निवांत झाला.

"चौकीवरच्या साहेबांना आशीर्वाद दे. माणूस भला आहे. मला बसायला सांगत नाहीत, पण कामं फार असतील."

कोणीतरी खोकलं.

"माझा नवरा आत आहे. मशीन त्याचं नाही, हे तुला ठाऊक आहे. ज्याचं आहे त्यालाही ठाऊक आहे. तो इथेच उभा आहे, बापा. त्याला पाय चपळ दिलेस, तसं तोंडही दे."

मी बटण खाली फिरवलं. कर्णा मुका झाला. पण राहेलबाईंची निम्मी हयात मिलच्या खडखडाटात गेलेली. डोळे न उघडता त्यांनी असा सूर चढवला की समोरच्या चाळीतली माणसं गॅलरीत आली.

"आणि प्रभू, मशीन बिघडलं असेल तर तेही दुरुस्त कर!"

"आमेन!" सगळी मंडळी गरजली. प्रार्थना संपली नव्हती, तरीही.

फौजदार पाळकांच्या कानाशी लागला. "साहेब, हे भाषण आहे."

"प्रार्थना आहे."

"मग संपणार कधी?"

"उत्तर मिळालं की."

मी मंडळीकडे पाहिलं. डोळे मिटलेले, पण सगळ्यांची तोंडं माझ्या अँप्लिफायरकडे. मी बटण पुन्हा वर केलं, माइकशी गेलो आणि म्हणालो, "मशीन माझं आहे. सभेतही माझंच होतं. आमेन."

फौजदाराने टोपी घातली.

संध्याकाळी सामुएल बाहेर आला. मी आणि मशीन आत गेलो. दोन दिवसांनी पाळक मला जामीन राहिले. मशीन मात्र तिथेच राहिलं. पुढे आठवडाभर पोलिसांची गाडी जमावबंदीचा हुकूम त्याच्यावरून वाचत परळभर फिरत होती. आवाज खणखणीत येत होता.

मी आत असताना राहेलबाई डबा घेऊन आल्या होत्या. मान खाली घालून मी म्हणालो, "बाई, तीन दिवस मीही सामुएलसाठी प्रार्थना करत होतो."

"काय मागितलंत?"

"तो सुटावा."

"आणखी?"

"माझं नाव न येता."

त्या हसल्या. "मग देवाने बिचाऱ्याने काय करायचं, भाऊ? जेवा."

तेव्हापासून मी देवाकडे जपून मागतो. काम आपल्याच अंगावर यायची शक्यता असते.