काकाजींची नाडी

काकाजी शर्टाची बटणं आपणहून काढायचे. स्टेथोस्कोप गळ्यात अडकवलेली आम्हा विद्यार्थ्यांची टोळी वॉर्डाच्या दारात दिसली, की ते खाटेवर डाव्या कुशीला वळत, श्वास सोडून छाती मोकळी करत आणि म्हणत, "या, लाइनीनं या. धक्काबुक्की करू नोका." हृदयातली झडप आवळली की तिचा आवाज याच कुशीवर नीट ऐकू येतो, हे आम्हाला पुस्तकाआधी काकाजींकडून कळलं.

खाप्याचे विणकर होते ते. दम लागला, पाय सुजले की नागपूरला आमच्या मेडिसिनच्या वॉर्डात दाखल व्हायचे. आठ-दहा दिवसांत बरं वाटलं की परत हातमागावर. वर्षातून तीन-चार खेपा ठरलेल्या. त्यामुळे बॅचमागून बॅच त्यांच्याच छातीवर शिकली. परीक्षेत त्यांची केस मिळाली तर नशीब फळफळलं म्हणायचं, कारण परीक्षकांची पाठ वळली रे वळली, की काकाजी हळूच सगळं सांगून टाकत. वर बजावत, "मी सांगतलं म्हणून कोणाले सांगू नोको, नाही तं दोघंही नापास!"

मला मात्र पहिले दोन आठवडे काहीच ऐकू आलं नाही. सगळे मान डोलवत होते, म्हणून मीही डोलवायची. तिसऱ्यांदा डोलवली तेव्हा काकाजींनी माझं मनगट धरलं. "आवाज नाही आला ना तुले? लपवून काहून राहिली वं?"

मला रडूच कोसळलं. मग त्यांनी बाकीच्यांना पिटाळलं आणि मला स्टुलावर बसवलं. "आमच्या घरी चार माग चालतात. त्या खडखडाटात बायकोनं हाक मारली तं मले ऐकू येते. काहून? मी मागाले ऐकतच नाही. तू बी हे धडधड सोडून दे. दोन ठोक्यांच्या मधातली जागा ऐक." आणि मग तो आवाज आला. दूरच्या घरात कुणी जातं फिरवत असावं, तसा, खर्जातला. मी किंचाळलेच. "हळू वं," काकाजी म्हणाले, "बाजूच्या बुढ्याले झोपू दे." त्या दिवसापासून माझं नाव 'बहिरी' पडलं. एवढ्या लाडानं मला माहेरीसुद्धा कुणी हाक मारली नसेल.

त्या हिवाळ्यात ते पुन्हा आले आणि केस मला मिळाली. आता काकाजी म्हणजे पाठ झालेली कविता. मी त्यांच्या अंगाला हातही न लावता वहीत सगळं उतरवून काढलं. ते म्हणालेही, "बहिरे, आज छातीत धागे गुतल्यावानी वाटून राहिलं." मी हसून म्हटलं, "तुमचं नेहमीचंच आहे, काकाजी." राउंडला सरांनी विचारलं, "नाडी?" मी ठोकून दिलं, "बहात्तर, नियमित." सरही पुढच्या खाटेकडे गेले. काकाजी सगळ्यांनाच पाठ होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून खाली पडला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. सर कितीतरी वेळ त्यांचं मनगट धरून उभे होते. ठोके वेडेवाकडे पडत होते; असे पडू लागले की हृदयात रक्ताची गुठळी धरते आणि मेंदूकडे जाते. "नाडी कधीपासून अशी आहे?" सरांनी विचारलं. मी म्हटलं, "सर, मी पाहिलीच नव्हती." सर म्हणाले, "मीसुद्धा नाही." वेळेवर कळतं तर रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या. कदाचित टळलं असतं.

आज नागपूरजवळ बेसाला माझा दवाखाना आहे. साध्या सर्दीचा पेशंट आला तरी त्याची नाडी मी पूर्ण एक मिनिट मोजते. बाहेर ताटकळलेली माणसं कुरकुरतात, कुरकुरू देत. काकाजी त्यानंतर वॉर्डात कधी आले नाहीत. दोन वर्षांनी ते गेल्याचं त्यांच्या गावच्या एका पेशंटकडून कळलं. कुणी नव्या पोरांना शिकवायला सांगितलं, की त्यांची फार आठवण येते. त्यांच्यासारखं मला शिकवता येत नाही.

त्यांना घरी सोडलं तो दिवस मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. काकू पिशवी भरत होत्या. काकाजींजवळ आता एकच शब्द उरला होता, 'हाव', म्हणजे हो. पाणी पाहिजे का? हाव. पाय दुखतो का? हाव. मी त्यांचा हात हातात घेतला आणि इतके दिवस मनात ठेवलेलं विचारून टाकलं, "काकाजी, त्या दिवशी मी तुमची नाडी पाहिली असती, तर तुम्ही आज बोलत असता, नाही का?"

"हाव," काकाजी म्हणाले.

काकूंनी पिशवी खाली ठेवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मनाले लावून घेऊ नोको वं पोरी. ते आता सगळ्यालेच हाव म्हणतात."

मी मान हलवली. काकाजी माझ्याकडेच पाहत होते.