मुका पियानो

मॅडमनी विजेवरच्या पियानोचे हेडफोन कानाला लावले आणि पियानो मुका झाला. त्यांची बोटं चालत होती, पण मला पट्ट्यांची नुसती टकटक ऐकू येत होती. मी नोटेशनच्या कागदाचा कोपरा धरून शेजारी उभी. मॅडम मानेने खूणही करेनात, पान कधी उलटायचं ते कळेना. मॅडम शेवटच्या ओळीवर येऊन थांबल्या. हेडफोन काढले.

"मंदा जी, आप पढ़ नहीं रहे. आप सुन के पलटते हो."

खरं होतं ते.

सेक्टर तीसच्या मार्केटमध्ये, वरच्या मजल्यावर एक म्युझिक क्लास आहे. तिथे मी कामाला आहे. झाडू, चहा, खुर्च्या, किल्ल्या. नवरा इथल्या एका मेसमध्ये आचारी होता, म्हणून कराडहून इतक्या लांब, उत्तरेत आले. तो गेल्यावर मनीमाजऱ्याच्या वस्तीतल्या खोलीत एकटीच राहते. मराठी बोलणं होतं ते मुलीशी, फोनवर, तिला वेळ असेल तेव्हा. बाकी दिवस "हां जी"वर भागतो.

पियानो वाजवणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले असतात. पान उलटायला शेजारी माणूस लागतो. आधी एक विद्यार्थिनी ते करायची, ती कॅनडाला गेली. मग मॅडमनी मला उभं केलं. त्या तेच तेच तुकडे वाजवायच्या, सूर कानात बसायचा, पान कुठे संपतं ते कळायचं. काम निभत होतं. ती जागा मला आवडायला लागली होती. पान उलटायची खूण म्हणून मॅडम मान हलवायच्या, तेव्हा तेवढ्यापुरतं कुणीतरी माझ्यासाठी थांबलेलं असायचं.

वार्षिक कार्यक्रमासाठी नवीन कागद आले.

"प्रोग्राम तक पढ़ना सीख लो," मॅडम म्हणाल्या. "नहीं तो मैं टॅबलेट ले लूँगी. पैर से बटन दबाओ, पन्ना पलट जाता है."

ही धमकी नव्हती. त्यांनी सोय सांगितली होती. पण जागा जाणार होती ती माझी.

मग रोज क्लास उघडायच्या आधी हेडफोनचा धडा. पाच आडव्या रेघा. टिंब वर असेल तर सूर उंच, खाली असेल तर खालचा. पोकळ टिंब जास्त वेळ टिकतं, भरीव लवकर सरतं. उभ्या रेघांनी कप्पे पाडलेले असतात, त्यांना बार म्हणतात. मी एकेका टिंबाचं नाव आठवत बसायची, तोवर मॅडम पुढच्या ओळीत.

"नाम छोड़ो. ऊपर जा रहा है कि नीचे, बस वो देखो. खो गए तो रुकना नहीं, अगले बार पे मिलो."

"आणि चुकलं तर?" मी मराठीतच बोलून गेले.

त्यांना कळलं. "गलत तो मैं भी बजाती हूँ जी."

वाजवणाऱ्याची नजर बोटांच्या पुढे असते, म्हणून पान संपायच्या एक बार आधी उलटायचं. घरी मी ओट्यावर बोटाने ठोके धरून कागद वाचायची. मी काय करतेय ते शेजारीण दारातून विचारायची, "की करदे ओ?" मी हसून दार लोटायची.

कार्यक्रमात सिमरन नावाची मुलगी व्हायोलिनवर, मॅडम साथीला. पानाच्या शेवटच्या ओळीआधी जाड रेघ आणि दोन टिंबं होती. म्हणजे तिथून परत वर जायचं, सगळं पुन्हा वाजवायचं, मगच शेवटची ओळ. सिमरन घाबरली आणि परत गेलीच नाही. सरळ पुढे निघाली. मॅडमही तिच्या मागे. मान हलवायचं त्यांना भान नव्हतं.

सवयीने माझी नजर पानाच्या वरच्या, पहिल्या ओळीवर गेली. पण वरच्या ओळीत टिंबं खाली उतरत होती आणि मॅडमचे हात उजवीकडे, उंच सुरांकडे चालले होते. शेवटच्या ओळीतली टिंबं चढती होती. मी तिथे नजर टाकली, पुढच्या बारवर त्यांना गाठलं आणि पान उलटलं.

टाळ्या झाल्या. सिमरनच्या आईने तिला जवळ घेतलं. मॅडम मला "थँक्यू जी" म्हणाल्या आणि पालकांकडे वळल्या. चुकलं असतं तर सगळ्या हॉलला दिसलं असतं.

दिवाळीत मॅडमना त्यांच्या भावाने टॅबलेट भेट दिला. त्यांना पायाचं बटण फार सोयीचं पडतं. मी पुन्हा चहा, खुर्च्या, किल्ल्या. जुने कागद रद्दीत चालले होते, ते विचारून घरी आणले.

आता कामावरून आले की एखादं पान काढते. पायाने ठोका धरते. कानाने शिकलेलं शेजारी कुणी वाजवत असेल तोवरच चालतं. वाचायला आलं की एकटीलाही पुरतं. खोलीत मान हलवणारं कुणी नाही. पान मी तरीही एक बार आधीच उलटते.