काकांची झाकली मूठ

आमच्या खोलीतल्या काकांइतका घाबरट माणूस सौदीत अल खफजीपासून जेद्दापर्यंतच्या सगळ्या वाळवंटात दुसरा नसेल. आणि असलाच तर तो घाबरून कधी पुढे आलेला नसेल. काका कुडाळकडचे. क्रेनला ओझं बांधून द्यायचं, म्हणजे रिगरचं, काम करत. डोक्यावर लोखंडाच्या कांबी लोंबकळत असताना हा गृहस्थ खाली शांतपणे उभा राहायचा. पण कॅम्पच्या फाटकावर पोलिसांची पांढरी गाडी दिसली की खोलीत शिरून कडी लावायचा. इकामा, म्हणजे आमचं तिथलं ओळखपत्र, काका प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात बांधत. आंघोळीला जाताना तो समोरच्या खिळ्याला लावत आणि साबण डोळ्यांत गेला तरी डोळे मिटत नसत. त्याची एकेक झेरॉक्स दोन्ही मोज्यांत असे. एकदा रमजानमध्ये नाक्यावर आमची बस थांबवली. उपास सोडायची वेळ झाली होती, म्हणून एक कोवळा पोलीस हसत हसत आत आला आणि त्यानं खजुराचा डबा काकांपुढे धरला. काकांनी त्यात इकामा टाकला. पोलीस बिचारा तो परत घ्या म्हणून विनवत राहिला आणि काका दोन्ही हात वर करून बसून राहिले.

बोलायची तर त्यांना फारच भीती. धंदाच हातवाऱ्यांचा, त्यामुळे खोलीतही ते क्रेनच्याच खुणा करत. एसी कमी कर म्हणजे अंगठा खाली. दिवा बंद कर म्हणजे तर्जनीचं गोल चक्र. आणि हात उंच करून मूठ आवळली, की असेल तिथं थांब, पुढं एक शब्द नको. ही शेवटची खूण बहुतेक वेळा माझ्यासाठी असे. मी पडलो सांगलीकडचा, तोंडाचा फाटका. शिवाय आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.कॉम. झालो हे मी आजही अभिमानानं सांगतो. तेव्हा तर कुणी न विचारता सांगत असे. इंजिनियर लोक शहरात राहत, त्यामुळे कॅम्पात पदवीधर असा मी एकटाच. साइट ऑफिसात हजेरी मांडायचो आणि शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी, जेट्टीजवळ केबलचे मोठे लाकडी ड्रम उभे असत त्यांच्या आडोशाला बसून, इंग्रजी सुधारावं म्हणून जुनी वर्तमानपत्रं मोठ्यानं वाचायचो. काका म्हणायचे, "अरे हळू वाच. हंय वाऱ्याक पण कान असतत."

अशा माणसाला आम्ही बैठकीवर पाठवलं. ही बैठक म्हणजे आमच्या कॅम्पची जुनी रीत. कुणावर काही आळ आला तर प्रकरण एकदम कॅम्प बॉसकडे न्यायचं नाही. कारण कॅम्प बॉसकडून ते मुदीरकडे, म्हणजे कंपनीच्या मॅनेजरकडे जाई, मुदीरकडून पोलिसांत, आणि पोलिसांतून कुठं जाई ते सांगायला कुणी परत आलेला नव्हता. म्हणून मेसच्या मागं तांदळाच्या पोत्यांच्या खोलीत पाच वडीलधारे बसत. तक्रार करणाऱ्याला ऐकत, साक्षीदारांना ऐकत. ज्याच्यावर आळ त्याला बोलावत नसत, त्याला कळूही देत नसत. पाचांतल्या तिघांना तथ्य वाटलं तर प्रकरण वर जाई. नाही वाटलं तर तिथंच पोत्यांखाली पुरलं जाई. आतलं बाहेर बोलायचं नाही, हा एकच नियम. त्या पाचांतले आम्हा मराठी लोकांचे वडीलधारे गृहस्थ कायमचे गावी गेले आणि जागा रिकामी झाली, तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं: तोंड उघडायला घाबरणारा माणूस हवा, आणि तो आपल्याकडं तयारच आहे. काका दोन दिवस तापानं फणफणले आणि मग बैठकीत जाऊन बसले.

मला ही रीत मुळीच पटत नव्हती आणि तसं मी जेवणाच्या रांगेत उभा राहून सांगत असे. "माझ्याविरुद्ध कोण काय बोललं ते मला कळायला नको? बंद दाराआड काय न्याय होतो, काका? दार उघडा, सगळ्यांना ऐकू द्या."

काका आमटीच्या वाटीकडे बघत पुटपुटत, "आणि सांगणाऱ्याचा काय? तो बिचारो मगे खंय झोपात?"

"खोटं बोलत नसेल तर त्यानं कशाला भ्यायचं?"

"तू भियत नाय म्हणून सगळ्यांनी भियाचा नाय? माणूस सुटता रे. नाव सुटणा नाय."

"हा भित्रेपणा आहे."

"हो," काका म्हणायचे. "मी आसंयच भित्रो." एवढं म्हणून मूठ वर. वाद संपला.

आणि मग ते तांब्याचं प्रकरण झालं. जेट्टीजवळची जाड तांब्याची केबल ड्रमासकट रातोरात गायब झाली. सकाळी त्या जागी वाळूत नुसती ड्रमाची खूण उरली होती. चोरीला इथं काय शिक्षा असते याच्या गोष्टी त्या आठवड्यात कॅम्पभर फिरल्या, आणि सांगणारा प्रत्येक जण दुसऱ्या हातानं आपलं मनगट धरून सांगत होता. मेसमध्ये ताटांचा आवाज येईना. माणसं एकमेकांच्या पेट्यांकडं तिरकं बघू लागली. कॅम्प बॉसनं सांगितलं, तुमच्यात काय ते ठरवा, नाहीतर मी पोलीस बोलावतो. पोत्यांच्या खोलीचं दार बंद झालं. आत कुणाचं तरी एक नाव घेतलं गेलंय एवढंच बाहेर कळलं, आणि ते माझं तर नाही ना म्हणून प्रत्येक जण आपापल्या खाटेवर गप्प पडून राहिला. मी सोडून. मी मेसच्या दारात उभा राहून म्हणालो, "नाव सांगून टाका. ज्यानं केलं त्याला होऊ दे शिक्षा, बाकीच्यांना सुखानं जेवू द्या." लोकांनी माना डोलावल्या. काकांनी त्या दिवशी पानातला मासा उचलून माझ्या पानात ठेवला. बांगड्यावर जीव टाकणारा माणूस, मला वाटलं पोट बिघडलं असेल.

त्या दिवसांत काका फार विचित्र वागले. मी खोलीबाहेर निघालो की मागं येऊन उभे राहत. माझा टॉवेल घडी करून ठेवत. बैठकीचा नुसता विषय काढला तरी वाकून खाटेखाली चपला शोधू लागत. शुक्रवारी मी वर्तमानपत्र काखेत मारून निघालो तर दारात आडवे.

"थंय जाव नको. विंचू आसत."

"मी वर्षभर बसतोय तिथं. एक विंचू दिसला नाही."

"मगे साप आसतले."

"काका, तुम्हाला झालंय काय?"

त्यांनी मूठ वर केली. मी हसलो आणि त्यांच्यासाठीच म्हणून थांबलो. थोड्या वेळानं ते टॉवेलानं तोंड झाकून मोबाइलवर बायकोशी काहीतरी कुजबुजत बसलेले दिसले. एवढंच ऐकू आलं, "नाव सांगूचा नाय. अजिबात नाय."

चार-पाच दिवसांनी पोत्यांच्या खोलीचं दार उघडलं. बैठकीचे म्होरके म्हणजे क्रेन चालवणारे पेशावरचे खानसाहेब. ते बाहेर येऊन म्हणाले, "कुछ नहीं निकला. बात खलास." मागून काका आले. घामानं सदरा अंगाला चिकटलेला, चेहरा असा की यांच्यावरच आळ होता. माझ्याकडं न बघता खोलीत गेले आणि चादर डोक्यावरून घेऊन झोपले. पुढं महिन्याभरात केबलही सापडली. आमच्याच कंपनीचा ट्रक ती चुकून दुसऱ्या साइटवर टाकून आला होता. कॅम्प हसला, कॅम्प विसरला. मी मात्र म्हणत राहिलो, की ते नाव कुणाचं होतं हे कळायला हवं होतं. निदान ज्याचं होतं त्याला तरी.

हे कळायला मला सहा-सात वर्षं लागली. मी सौदी सोडून सांगलीला परतलो होतो, कामानिमित्त सावंतवाडीला गेलो, येताना कुडाळला उतरून काकांचं घर शोधलं. काका पडवीत झोपाळ्यावर. अंगावर नुसती लुंगी, पण गळ्यात ती प्लास्टिकची पिशवी होतीच. आता तिच्यात रेशन कार्ड होतं. काकू सोलकढी घेऊन बाहेर आल्या आणि मला नीट न्याहाळून म्हणाल्या, "तुमीच काय ते बी.कॉम.?"

काकांचा हात उंच गेला. मूठ आवळली गेली. पण काकूंनी कधी क्रेन चालवली नव्हती.

"ह्यांचो फोन इलो," काकू म्हणाल्या, "देवळात जावन गाऱ्हाणा घाल. गुरव विचारता, कोणाच्या नावान? हे म्हणाले नाव सांगूचा नाय. मी म्हटलंय, नावाशिवाय देवाक कळतला कसा? मगे म्हणाले, सांग, बी.कॉम. झालेलो पोरगो आसा, देव काय तो समजान घेतलो."

आणि गुरवानं भर देवळात, नारळ हातात घेऊन, खड्या आवाजात ते गाऱ्हाणं घातलं होतं: बा देवा म्हाराजा, परमुलखात आमचो एक बी.कॉम. झालेलो झील आसा, तेच्यार नसलेलो आळ इलो हा, तो दूर कर रे म्हाराजा. आणि जमलेल्या सगळ्या गावानं म्हटलं होतं, व्हय म्हाराजा.

माझ्या हातातली सोलकढी तशीच राहिली. ड्रमांच्या आडोशाला दर शुक्रवारी एकटा बसणारा माणूस. दुसरा कोण असणार? मी काकांना विचारलं, "आत माझ्याविरुद्ध कोण बोललं होतं?" त्यांनी मान हलवली. "बरं, तुम्ही काय बोललात माझ्या बाजूनं?" त्यांनी परत मान हलवली. काकू आत गेल्यावर पुटपुटले, "हळू बोल. हंय पण लोक आसत." ज्यानं माझं नाव घेतलं तो आज कुठं आहे, जिवंत आहे की नाही, काकांनाही ठाऊक नसेल, पण त्याची झोप ते अजून राखत होते.

बंद दाराचा न्याय मला आजही पटत नाही. कचेरीत कुणाच्या चौकशीसाठी दार लोटलं गेलं की मी अजून चिडतो, अजून तोंडावर बोलतो. फक्त आता दार लागायच्या आत एकदा वाकून बघतो, आत बसणाऱ्यांत कुणी काकांसारखा घाबरलेला आहे का. बहुतेक वेळा नसतो. मग त्या दिवशी मला जेवण जात नाही.