आप्पांचं नाक आणि तांबडी वाईन

काल नातवानं अर्जेंटिनाची रेड वाईन पिण्याआधी हुंगली आणि निपाणीची आमची वखार आठवून मला हसू फुटलं.

इंग्रजांच्या काळात अशीच तांबड्या वाईनची बाटली घेऊन एक गोरा साहेब तंबाखू खरेदीला आला होता. सौदा ठरायचा होता. मटणाची ताटं वाढल्यावर त्यानं पेले भरले आणि आधी वास ओळखायला सांगितला. वडलांचं, म्हणजे आप्पांचं नाक तपकिरीनं गच्च भरलेलं.

"तंबाखूचा वास येतोय की, सायेब!"

आता सौदा मोडला, असंच आम्हाला वाटलं. साहेब मात्र आनंदानं उठलाच. चांगल्या वाईनला तोच वास असतो म्हणे! सौदा तिथंच पक्का झाला.

आतून आई पुटपुटली, "सकाळी ताकालाबी त्योच वास आलता ह्यास्नी."